‘तिकडचे लोक’ असं लिहिण्याआधी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: प्रवासाहून परतल्यावर तिथल्या माणसांबद्दल, रीतींबद्दल लिहावंसं, सांगावंसं वाटतं. पण लिहायला बसलं की एकतर ‘तिकडचे लोक असेच असतात’ छापाची वाक्यं उतरतात, नाहीतर कुणी दुखावू नये म्हणून सगळं इतकं गुळमुळीत होतं की वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यातून मधला मार्ग कसा काढायचा?

मधला मार्ग काढायला जाऊ नका. या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे: तपशील कमी पडलेला असतो. तपशील नसलेला धीट माणूस ठोकून देतो आणि तपशील नसलेला भिडस्त माणूस ‘प्रत्येक संस्कृतीचं आपलं एक सौंदर्य असतं’ असं लिहून मोकळा होतो. मी बरीच वर्षं प्रवासलेखनाचं संपादन करते आहे. या दोन्ही प्रकारच्या लेखकांना मी समासात तेच तीन शब्द लिहून मजकूर परत पाठवते: कोण, कुठे, कधी. त्यांची उत्तरं मिळाली की चौथा प्रश्न येतो, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा: यावर तिथली माणसं आपापसांत काय भांडतात?

एक उदाहरण नीट उलगडून पाहू. ‘स्पॅनिश लोक भारी निवांत. दुपारी दुकानं बंद करून झोपतात, रात्री दहाला जेवायला बसतात, घाई म्हणून कशाची नाही.’ शब्द बदलून हे वाक्य सतत समोर येतं. यात डोळ्यांनी पाहिलेलं काय आहे? दुपारी काही दुकानं बंद होती आणि रात्री उशिरा उपाहारगृहं भरलेली होती, एवढंच. झोप कुणी पाहिलेली नाही. निवांतपणा तर लेखकाचा स्वतःचाच असण्याची शक्यता जास्त, कारण सुट्टीवर तो होता, स्पॅनिश दुकानदार नव्हता.

आता घड्याळाकडे बघा. माद्रिद ग्रिनिचच्याही थोडं पश्चिमेला आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तिथली वेळ ब्रिटनसारखी असायला हवी. पण १९४० मध्ये, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, स्पेनची घड्याळं एक तास पुढे केली गेली आणि ती मागे आलीच नाहीत. त्यामुळे स्पेन आजही मध्य युरोपच्या, म्हणजे बर्लिन-वॉर्सॉच्या वेळेवर चालतो. माद्रिदमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो हिवाळ्यात साधारण सव्वा वाजता आणि उन्हाळ्यात सव्वादोनला. मग ‘दोन वाजता दुपारचं जेवण’ हे सूर्याच्या मानाने ऐन मध्यान्हीचं जेवण ठरतं आणि जुलैतलं रात्री दहाचं जेवण पावणेआठचं. वायव्येकडच्या गॅलिसिया प्रांतातून मिन्यो नदीवरचा पूल ओलांडून पोर्तुगालमध्ये पाऊल टाकलं की घड्याळ एक तास मागे जातं. नदीच्या दोन्ही काठांवर उजाडतं मात्र एकाच वेळी.

घड्याळाने सगळं उलगडतं असं नाही. कामाचा दिवस मध्ये लांब सुट्टी ठेवून दोन भागांत विभागण्याची पद्धत, दुपारचं ऊन, दुकान मालकाचं की मोठ्या साखळीचं, अशी बाकीची कारणंही आहेतच. पण बघा, ‘निवांत’ हा शब्द एकदाही न वापरता आपण स्पेनबद्दल किती तरी जास्त बोललो. आणि खरी मेजवानी पुढे आहे. हे वेळापत्रक खुद्द स्पॅनिश लोकांनाच सरसकट मान्य नाही. २०१३ मध्ये संसदेच्या एका समितीने देशाने ग्रिनिच वेळेवर परत जावं अशी शिफारस केली. २०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मारियानो राखॉय यांनी कामाचा दिवस संध्याकाळी सहाला संपवण्याची कल्पना मांडली. मधली दोन-तीन तासांची सुट्टी म्हणजे घरी पोचायला रात्र, मुलांशी बोलायला वेळ नाही, झोप अपुरी, अशी तक्रार करणारे तिथेच आहेत. आणि उन्हाळ्यातला लांबलचक उजेड आम्हाला हवाय, पर्यटन त्यावर चालतं, असं म्हणणारेही तिथेच. या भांडणाबद्दल कुणी लिहिलं तर वाचकाला स्पेन कळेल. ‘निवांत’ लिहिलं तर फक्त लेखकाची सुट्टी कळेल.

बैलझुंजीचंही तेच. बाहेरच्यांच्या नजरेत ते स्पेनचं राष्ट्रीय वेड आहे. पण कॅनरी बेटांनी १९९१ मध्येच त्यावर बंदी घातली. कॅटलोनियाच्या विधिमंडळाने २०१० मध्ये बंदीचा कायदा केला आणि २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. ज्या विषयावर कायदे होतात आणि मोडतात, तो विषय कुणाच्या रक्तात असतो कसा?

म्हणून माझा पहिला सल्ला असा की स्वभाव हे स्पष्टीकरण सगळ्यात शेवटी वापरायचं. आधी घड्याळ, हवामान, कायदा, पगार, घराचा आकार, बसचं वेळापत्रक, इतिहास हे सगळं तपासून बघायचं. बहुतेक वेळा स्वभावापर्यंत जायची गरजच उरत नाही. इथिओपियात दिवसाचे तास पहाटेपासून मोजायची रीत आहे. ज्याला बाहेरचे सकाळचे सात म्हणतात तो तिथे पहिला तास. ‘दोन वाजता भेटू’ असं ठरवून एखादा पाहुणा दुपारी दोनला पोचतो, समोरचा सकाळी आठला वाट बघून गेलेला असतो, आणि प्रवासवर्णनात येतं की वेळ पाळणं या लोकांना माहीतच नाही. तिथलं कॅलेंडर तेरा महिन्यांचं आहे. त्यांचं २००० साल उजाडलं ते १२ सप्टेंबर २००७ रोजी. ‘हा देश काळाच्या सात वर्षं मागे आहे’ हा विनोद त्यावरच बेतलेला. लेखकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटत असतं. नसतो.

आता वाक्याच्या पातळीवर येऊ. दुरुस्ती तिथे सगळ्यात लवकर होते. विशेषण खोडून क्रियापद घाला. ‘तो उद्धट होता’ याऐवजी ‘त्याने वर न बघता पैसे मोजून ठेवले’. दुसऱ्या वाक्यात वाचकाला स्वतःचा निष्कर्ष काढायला जागा राहते, आणि तो तुमच्यापेक्षा वेगळाही असू शकतो. हा केवळ शैलीचा हट्ट नाही. इटलीतल्या फेरारा शहरात घोड्यांच्या पारंपरिक शर्यतीत एकमेकांशी चुरस असणारे मोहल्ले आहेत. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी तिथल्या लोकांना काही प्रसंगचित्रं दाखवली आणि त्यांचं वर्णन कोणत्या शब्दांत केलं जातं ते पाहिलं. आपल्या मोहल्ल्याच्या माणसाचं वाईट वागणं क्रियापदाने सांगितलं जाई, ‘त्याने ढकललं’ असं. प्रतिस्पर्ध्याचं तेच वागणं विशेषणाकडे झुके, ‘तो आक्रमक आहे’ असं. चांगल्या वागण्याचं याच्या उलट. आपल्यांचा दोष तेवढ्यापुरता, परक्याचा दोष मुळातला. प्रवासातल्या टिपणवह्या चाळून पाहा, हाच नमुना ओळीओळीत सापडेल: तुमच्या सहप्रवाशाने ‘रांग मोडली’ आणि तिथला माणूस ‘बेशिस्त’ होता.

दुसरी खोड म्हणजे सरसकट विधान. ‘डासांमुळे वेस्ट नाइल ताप पसरतो’ हे वाक्य आपण बिनदिक्कत मान्य करतो, पण हा विषाणू अंगात असलेले डास एक टक्काही नसतात. धोक्याची किंवा ठळक गोष्ट असली की मन प्रमाण विचारतच नाही, सगळ्या जातीला चिकटवून मोकळं होतं. डासांच्या बाबतीत हे ठीक आहे, त्यांची बदनामी झाली तरी चालेल. माणसांच्या बाबतीत काय होतं ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. चार वर्षांच्या मुलांना आणि मोठ्यांना एका काल्पनिक जमातीचं चित्रांचं पुस्तक दाखवलं गेलं. काहींना मजकूर ‘ही माणसं असं करतात’ असा सरसकट ऐकवला, काहींना ‘या एकाने असं केलं’ असा. सरसकट ऐकलेल्यांना ते गुण जन्मजात आहेत असं जास्त वाटू लागलं. विशेष म्हणजे त्या जमातीबद्दल वाईट असं काही सांगितलेलंच नव्हतं. नुसत्या वाक्याच्या घडणीने हे झालं. सद्भावनेने लिहिलेलं ‘तिकडचे लोक फार प्रेमळ’ हे वाक्यही त्याच घडणीचं आहे, हे लक्षात ठेवा.

‘काही लोक’, ‘बरेचदा’, ‘माझ्या मते’ असे शब्द पेरून हा दोष जाईल असं अनेकांना वाटतं. जात नाही. ‘बरेचसे अमुक लोक आळशी असतात’ हे ‘अमुक लोक आळशी असतात’ इतकंच वाईट आहे, वर थोडं भित्रंही. वाक्य मऊ करण्याऐवजी अरुंद करा. जपानचंच बघा. ‘जपानी लोक एस्केलेटरवर डावीकडे उभे राहून उजवी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात’ हे टोकियोत पाहून लिहिलेलं वाक्य ओसाकात पोचताच खोटं पडतं, कारण तिथे उजवीकडे उभं राहतात. आणि सैतामा प्रांतात ऑक्टोबर २०२१ पासून आणि नागोया शहरात ऑक्टोबर २०२३ पासून अध्यादेशच आहे की एस्केलेटरवर चालूच नये, उभं राहावं. म्हणजे नियम करावा लागला, कारण लोक चालत होते. शहर आणि साल घातलं की वाक्य अचूक होतंच, शिवाय ‘शिस्तप्रिय जपानी’ या गुळगुळीत पुतळ्याच्या जागी जिन्यावरून हुज्जत घालणारी खरी माणसं दिसू लागतात.

तुम्ही नेमकं कुणाला भेटलात, हेही मजकुरात यायला हवं. मला वाटतं प्रवासलेखनातला सगळ्यात मोठा दोष इथे आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पर्यटक कुणाशी बोलतो? चालक, वाढपी, हॉटेलच्या काउंटरवरचा कर्मचारी, वाटाड्या, वस्तू विकणारे आणि इतर पर्यटक. यातल्या शेवटच्या सोडून बाकी सगळ्यांसाठी तुम्ही गिऱ्हाईक आहात. त्यांचं हसून बोलणं हे कामाचं कौशल्य आहे आणि पाठीमागे लागून विकणं हेही कामाचंच कौशल्य आहे. पहिल्यावरून ‘अगत्यशील जनता’ आणि दुसऱ्यावरून ‘लुबाडणारी जनता’ असा निकाल देणं म्हणजे रेल्वेच्या फलाटावर उभं राहून सगळं शहर धावपळीत असतं असं म्हणण्यासारखं आहे. ‘जुन्या शहराच्या दरवाज्याजवळच्या विक्रेत्यांनी’ असं लिहा. त्यांनी काय केलं ते बिनधास्त लिहा. ‘इथले लोक’ तेवढं गाळा.

शक्य असेल तर अशा जागी थोडा वेळ काढा जिथे तुम्हाला कुणी काही विकत नाही. सार्वजनिक वाचनालय, सकाळी कामावर निघालेली बस, शाळा सुटायची वेळ, दवाखान्याची प्रतीक्षाखोली, नगरपालिकेचा सूचनाफलक. आणि स्थानिक वृत्तपत्रातला वाचकांचा पत्रव्यवहार. भाषा येत नसेल तर फोनवरच्या अनुवादकाकडून मोडकातोडका अनुवाद करून घ्या. तिथली माणसं पार्किंगवरून, कुत्र्यांवरून, शाळेच्या गणवेशावरून, पर्यटकांवरून कशी चिडली आहेत ते वाचलं की ‘गूढ’ आणि ‘अनाकलनीय’ हे शब्द लेखणीतून आपोआप उतरायचे बंद होतात.

‘प्राचीन’, ‘शतकानुशतकं’, ‘अस्सल’ हे शब्दही मी तपासल्याशिवाय जाऊ देत नाही. बालीतलं केचक नृत्य घ्या. अर्धनग्न पुरुषांचं वर्तुळ, ‘चक-चक’चा घोष. वर्णनांत ते हमखास ‘प्राचीन विधी’ म्हणून येतं. त्यातला घोष सांघ्यांग नावाच्या जुन्या विधीतला आहे, पण आज दिसणारं नाट्यरूप १९३०च्या दशकात घडलं. त्यात बालीचे नर्तक वायान लिंबाक आणि तिथे राहणारे जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस या दोघांचा हात होता, आणि प्रेक्षक म्हणून पर्यटक डोळ्यांसमोर होते. मेक्सिको शहरातली मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक तर २०१६ मध्ये सुरू झाली. आदल्या वर्षीच्या बाँडपटात अशी मिरवणूक दाखवली होती, ती बघायला लोक येतील म्हणून. मृतांसाठी घरोघरी वेदी मांडण्याची प्रथा जुनी आहे, मिरवणूक नवी. यामुळे ती खोटी ठरते का? मला नाही वाटत. नाचणाऱ्या माणसाच्या आजोबांनीही तेच केलं असेल तर ते त्याचंच आहे. पण लोकांनी अलीकडे, डोळसपणे काहीतरी घडवलं, हे ‘अनादि काळापासून चालत आलंय’ पेक्षा कितीतरी रंजक आहे, आणि त्यात माणसं जिवंत दिसतात.

स्तुतीबद्दल थोडं सविस्तर, कारण निंदा करायला आता बहुतेक जण कचरतात आणि साचे स्तुतीच्या वाटेने आत येतात. ‘भूतान, जगातला सगळ्यात आनंदी देश.’ सकल राष्ट्रीय आनंद ही कल्पना भूतानच्या चौथ्या राजांनी १९७०च्या दशकात मांडली, ती राज्यकारभाराचं उद्दिष्ट म्हणून. आजही तिथे नऊ क्षेत्रांत सर्वेक्षण करून कुठे कमी पडतोय ते मोजलं जातं. म्हणजे हा प्रश्न आहे, प्रमाणपत्र नाही. आणि त्याच देशातून १९९०च्या सुमारास सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना बाहेर पडावं लागलं. पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत त्यांनी वर्षानुवर्षं काढली आणि २००७ नंतर त्यांतल्या बहुतेकांचं अमेरिका आणि इतर देशांत पुनर्वसन झालं. अलीकडे भूतानचे तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जात आहेत. यातलं काहीही न लिहिता ‘इथे प्रत्येक चेहऱ्यावर समाधान’ असं लिहिणं ही स्तुती नाही. त्या माणसांना तक्रार करायचा हक्क नाकारणं आहे. ‘गरीब पण आनंदी’ हा शब्दप्रयोग तर मी चर्चा न करता खोडते. अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन समोर आल्यावर मुलं हसतात, कारण तो प्रकार गमतीशीर दिसतो. त्यावरून त्यांच्या घरच्या चुलीचा हिशेब लागत नाही.

स्तुतीची आणखी एक तऱ्हा म्हणजे परक्यांची छडी करून आपल्याच लोकांना मारणं. ‘बघा, तिकडे कशी स्वच्छता! नाहीतर आपण!’ ही खोड फार जुनी. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मनिक टोळ्यांवर लिहिलं. तो स्वतः तिथे गेल्याचा पुरावा नाही. त्यांचा साधेपणा, त्यांची वैवाहिक निष्ठा याचं त्याने केलेलं कौतुक बरंचसं रोमच्या चैनबाजीला टोमणा म्हणून होतं. विसाव्या शतकात नाझींनी तेच कौतुक उचलून वंशशुद्धीचा पुरावा म्हणून नाचवलं. तुमच्या सहलीच्या लेखातून इतकं काही घडणार नाही हे मान्य. पण आपल्या गावाबद्दलचा राग आपल्या गावाच्या नावाने लिहावा. त्यासाठी दुसऱ्या देशाला आदर्श बनवू नये.

मग खुपलेल्या गोष्टी लिहायच्याच नाहीत का? जरूर लिहायच्या. फक्त त्या ‘संस्कृती’च्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही. ज्याने नियम केला त्याचं नाव घ्या, आणि त्याविरुद्ध तिथेच कोण उभं राहिलं तेही शोधा. सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायची बंदी होती तेव्हा अनेक प्रवासवर्णनांत ‘तिथल्या बायकांनी हे स्वीकारलं आहे’ अशी वाक्यं असत. ६ नोव्हेंबर १९९० रोजी ४७ जणींनी रियाधच्या रस्त्यांवर गाड्या चालवल्या होत्या. त्यांना ताब्यात घेतलं गेलं, काहींच्या नोकऱ्याही गेल्या. बंदी उठली २४ जून २०१८ रोजी. मधल्या जवळपास अठ्ठावीस वर्षांत जिने लिहिलं की त्या समाजाला हे चालतं, तिने त्या ४७ जणींना त्या समाजाबाहेर काढलं. तेव्हाचे लेख आजही तारखेविना फिरत असतात, म्हणून स्वतःच्या लेखात महिना आणि साल घालायला विसरू नका.

छायाचित्रांचं थोडक्यात सांगते. नॅशनल जिओग्राफिक या मासिकाने एप्रिल २०१८ च्या अंकात आपलं जुनं काम एका इतिहासकाराकडून तपासून घेतलं आणि दशकानुदशकं आपण वंशवादी चित्रण केलं, असं संपादकांनी छापून मान्य केलं. त्यात दाखवून दिलेला एक ठरावीक नमुना म्हणजे पाश्चात्त्य यंत्राकडे थक्क होऊन बघणारा ‘स्थानिक’ माणूस. चित्र खरं असेल, पण तेच चित्र पुन्हापुन्हा निवडणं हे विधान असतं. तुमच्या संग्रहातही बघा: वृद्ध, सुरकुतलेले, रंगीत कपड्यांतले चेहरे किती आणि चष्मा लावून संगणकावर काम करणारे किती?

चित्राखालची ओळ चित्रापेक्षा जास्त काम करते. उत्तर थायलंडमध्ये गळ्यात पितळी कडी घातलेल्या कायान बायकांचे फोटो जगभर ‘लांब मानेची जमात’ म्हणून फिरतात. खरं तर मान लांब होत नाही, कड्यांच्या भाराने गळपट्टीचं हाड आणि बरगड्या खाली दबतात. आणि त्या गावांतली अनेक कुटुंबं म्यानमारमधल्या संघर्षातून निसटून आलेली निर्वासित आहेत. पर्यटकांचं येणं हे त्यांच्या मोजक्या उत्पन्नांपैकी एक. ‘परंपरा जपणारी स्त्री’ आणि ‘निर्वासित, आणि ही तिची कमाई’ या दोन्ही ओळी त्याच फोटोखाली बसतात. दोन्ही लिहा.

जिथे नको म्हटलं आहे तिथे कॅमेरा खाली ठेवा, कारण समजो वा न समजो. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी काही जागांचे फोटो घेऊ नका असे फलक आहेत. तिथल्या अनंगू लोकांसाठी त्या खडकाचे तपशील हे ठरावीक माणसांनीच, त्याच जागी पाहायचं ज्ञान आहे. क्योटोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांत २०१९ पासून फोटोबंदी आहे, कारण कामावर निघालेल्या गेइकोंचा (तिथल्या गेइशांचा) पाठलाग होऊ लागला होता.

एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. तुमच्याशी मोकळेपणाने बोललेल्या माणसाला तुमच्या लेखाने गोत्यात आणता कामा नये. थायलंडमध्ये राजघराण्याच्या अवमानाला दर गुन्ह्यामागे तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. तुमच्या यजमानाने रात्री गप्पांत काढलेला एखादा उद्गार, त्याच्या खाणावळीच्या नावासह आणि फोटोसह छापलात तर तुम्हाला एक चटकदार परिच्छेद मिळेल आणि त्याला वकील शोधावा लागेल. नाव, गाव, व्यवसाय बदला, आणि बदलले आहेत असं सांगा. शंका असेल तर उद्गार गाळा.

लिहून झाल्यावर एक कसोटी. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ होरेस मायनर यांनी १९५६ मध्ये एका विचित्र जमातीवर शोधनिबंध लिहिला. घरोघरी देव्हाऱ्यासारखी एक खोली, तिथे रोज तोंडात केसांचा गुच्छ घालून करायचा विधी, वर्षातून एक-दोनदा ‘तोंडाच्या मांत्रिका’कडून करून घेतलेला छळ. ही जमात म्हणजे दात घासणारे आणि दंतवैद्याकडे जाणारे त्यांचे स्वतःचेच देशबांधव. तुमचा परिच्छेद घ्या आणि त्यात तिकडच्या माणसाच्या जागी स्वतःच्या घरच्या माणसांना, त्यांच्या रोजच्या सवयींसह आणि त्याच विशेषणांसह बसवा. वाचताना हसू आलं किंवा राग आला, तर कुठल्या शब्दापाशी आला तिथे खूण करा. बहुतेक वेळा तो शब्द काढला की उरलेला मजकूर ठीक असतो.

बोलताना हे सगळं कसं पाळायचं, असंही तुम्ही विचाराल. परत आल्यावर पहिला प्रश्न येतोच: ‘मग, कसे आहेत तिकडचे लोक?’ तिथे व्याख्यान देऊ नये, समोरच्याला चहाबरोबर एक किस्सा हवा असतो. एका माणसाची गोष्ट सांगा, तीही नाव-गाव-प्रसंगासह, आणि तिच्यापाठोपाठ तिच्या उलट वागलेल्या दुसऱ्या माणसाची. दोन विरुद्ध किस्से ऐकले की ऐकणारा आपणहून ‘म्हणजे सगळे तसे नसतात’ वर येतो, तुम्हाला ते म्हणावं लागत नाही.

आणि कधी ना कधी तिथलाच एखादा वाचक कळवेल की हे चुकीचं आहे. ‘माझा हेतू तसा नव्हता’ हे उत्तर त्याच्या काही कामाचं नाही, कारण त्याने हेतूबद्दल विचारलेलंच नाही. चूक तथ्याची असेल तर दुरुस्त करा आणि काय बदललं, केव्हा बदललं ते लेखातच नोंदवा. मूळ वाक्य गुपचूप गायब करू नका. मतभेद अर्थाचा असेल तर जरा थांबा. एका स्थानिक माणसाचं म्हणणं म्हणजे सगळ्या देशाचं म्हणणं नाही, जसं तुमचं नव्हतं. तो कोण आहे, शहरातला की खेड्यातला, कोणत्या पिढीचा, हे त्याच्याही बाबतीत विचारायचं. मग त्याचं म्हणणं त्याच्या परवानगीने, तुमच्या म्हणण्याशेजारी छापा. दुसऱ्या कुणी त्याला खोडून काढलं तर तेही छापा.